४ जानेवारी, टोकियो डोम: 'रेसल किंगडम'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेल्या आणि आता अधूनमधून 'जपानची रेसलिंग भारी असते म्हणे' असं ऐकणाऱ्या मंडळींसाठी हे पान आहे. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

रेसल किंगडम म्हणजे नेमकं काय?

न्यू जपान प्रो-रेसलिंग या कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. दर ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये होतो. कंपनीचे बहुतेक मोठे पट्टे (म्हणजे विजेतेपदं) त्या दिवशी पणाला लागतात आणि शेवटच्या लढतीत सहसा आयडब्ल्यूजीपीचा, म्हणजे कंपनीच्या सर्वोच्च पट्ट्याचा, जगज्जेता ठरतो. 'रेसल किंगडम' हे नाव २००७ पासूनचं. पण ४ जानेवारीला डोम भरवायची प्रथा त्याहून जुनी, १९९२ ची. त्याआधी वेगवेगळ्या नावांनी हाच मेळा भरायचा.

४ जानेवारीच का? रविवार बघून का ठेवत नाहीत?

जपानमध्ये नवीन वर्षाची सुट्टी साधारण ३ तारखेपर्यंत असते. गावी गेलेले लोक परत येत असतात, हातात थोडे पैसे असतात आणि कामाचा रगाडा अजून सुरू झालेला नसतो. १९९२ मध्ये याच दिवशी अमेरिकेच्या डब्ल्यूसीडब्ल्यू या रेसलिंग कंपनीबरोबर मिळून डोममध्ये कार्यक्रम झाला, तो जमला आणि तारीख पक्की झाली. आता वार कुठलाही असो, तारीख हलत नाही. २०२० मध्ये ४ आणि ५ असे दोन दिवस केले, पुढे करोनाच्या काळातही तसंच चाललं. मला स्वतःला एकच दिवस बरा वाटतो. दोन दिवसांत ताण विभागला जातो आणि पहिल्या रात्रीची मुख्य लढत उगाच सेमीफायनलसारखी वाटते.

निकाल आधीच ठरलेला असतो ना? मग बघायचं कशाला?

हो, ठरलेला असतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच म्हणतो, 'म्हणजे नुरा कुस्ती!' पण नुरा कुस्तीत राग येतो तो फसवणुकीचा: खरी म्हणून तिकीट विकायचं आणि आतून तडजोड करायची. इथे तिकीट घेणाऱ्याला सगळं माहीत असतं. तो निकालापेक्षा तिथवर पोचायची वाट बघायला आलेला असतो.

आणि ठरलेलं म्हणजे सोपं नव्हे. यातले बरेच जण खऱ्या मॅटवरून आलेले आहेत. रिकी चोशू १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळला होता, मानाबू नाकानिशी १९९२ च्या बार्सिलोनात. न्यू जपानची ओळखच 'स्ट्राँग स्टाईल' या नावाने आहे, म्हणजे फटका खरा वाटायचा असेल तर तो बऱ्यापैकी खराच मारायचा. कोपराचे तडाखे छातीवर बसतात तेव्हा डोमच्या वरच्या रांगेपर्यंत आवाज जातो, आणि सामना संपेपर्यंत छाती लालबुंद झालेली दिसते.

कंपनी कोणी काढली?

अंतोनियो इनोकीने, १९७२ मध्ये. गोष्ट मात्र त्याच्याही आधी, रिकिदोझानपासून सुरू होते. तो सुमोमधून आलेला, मूळचा कोरियातला. १९५४ मध्ये त्याने मासाहिको किमुराला जोडीला घेऊन अमेरिकेच्या शार्प बंधूंशी लढती केल्या. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हते, लोकांनी चौकाचौकांत लावलेल्या टीव्हीसमोर उभं राहून त्या पाहिल्या. युद्ध हरलेल्या देशात आपला माणूस धिप्पाड गोऱ्यांना आडवं करतोय, हे दृश्यच पुरेसं होतं. १९६३ च्या डिसेंबरमध्ये चाकूहल्ल्यानंतर रिकिदोझान गेला. मागे त्याचे दोन चेले राहिले: जायंट बाबा आणि इनोकी. दोघांनी रिंगणात पाऊल ठेवलं ते एकाच दिवशी, ३० सप्टेंबर १९६० ला.

इनोकीचं कुटुंब ब्राझीलला गेलेलं होतं. रिकिदोझानने त्याला तिथून उचलून आणलं. पुढे १९७१ च्या शेवटी रिकिदोझानच्या जुन्या कंपनीने इनोकीला हाकललं आणि त्याने काही महिन्यांत स्वतःचं दुकान मांडलं. ६ मार्च १९७२ ला टोकियोच्या ओता वॉर्डमधल्या व्यायामशाळेत पहिला कार्यक्रम झाला. मुख्य लढतीत इनोकी चक्क हरला, कार्ल गॉचकडून. स्वतःच्या कंपनीच्या उद्घाटनालाच मालकाने हार पत्करायची, यातच त्याची चाल होती. गॉच हा त्याचा वस्ताद. वस्तादासमोर हरल्याने इनोकी लहान झाला नाही, कंपनी मात्र गंभीर दिसली. बाबाने त्याच वर्षी ऑल जपान काढली आणि पुढची तीन दशकं जपानी रेसलिंग या दोन घरांत वाटली गेली.

इनोकीला आणखी एक वेड होतं: आमची कला सगळ्यांत श्रेष्ठ, हे दुसऱ्या खेळातल्या माणसाशी भिडून सिद्ध करायचं. २६ जून १९७६ ला बुदोकानमध्ये तो मुहम्मद अलीशी लढला. १५ फेऱ्या तो बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, निकाल बरोबरीचा. त्या रात्री लोकांनी शिव्या घातल्या. आज मिश्र मार्शल आर्ट्सचा इतिहास सांगताना त्याच लढतीपासून सुरुवात करतात. याच वेडाने २००० नंतर कंपनीला खड्ड्यातही घातलं. चांगल्या रेसलर्सना खऱ्या मारामारीच्या स्पर्धांत उतरवलं, ते तिथे हरले, आणि इथली त्यांची पत गेली.

भारताशी याचा काही संबंध?

आहे, आणि बराच जुना आहे. पंजाबातून कॅनडात गेलेला टायगर जीत सिंग १९७३ मध्ये न्यू जपानमध्ये आला. डोक्याला फेटा, हातात तलवार. त्या नोव्हेंबरमध्ये टोकियोतल्या शिंजुकूत एका मोठ्या दुकानाबाहेर, भर रस्त्यात, बायकोबरोबर खरेदीला आलेल्या इनोकीवर तो धावून गेला. पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं. ठरवून केलं की नाही यावर आजही वाद होतात. त्यानंतर मात्र जपानमध्ये तो दिसला की पोरं किंचाळत पळायची. १९७५ मध्ये त्याने इनोकीला हरवून एनडब्ल्यूएफ नावाचा पट्टाही जिंकला.

दुसरा धागा सीमेपलीकडचा. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत इनोकी अक्रम पहलवानाशी लढला. अक्रम म्हणजे भोलू बंधूंपैकी, थेट गामाच्या घराण्यातला. लढत बोलता बोलता खरी झाली आणि इनोकीने अक्रमचा हात मोडला. सूड म्हणून त्याच घरातला तरुण झारा १९७९ मध्ये लाहोरला इनोकीसमोर उभा राहिला. पाच फेऱ्यांनंतर इनोकीने स्वतःच झाराचा हात वर केला. आपल्या तालमींत गामाचं नाव अजून आदराने घेतात, पण या दोन लढतींची गोष्ट इकडे फारच थोड्यांना ठाऊक असते.

आणि हो, द ग्रेट खली. डब्ल्यूडब्ल्यूईत जाण्याआधी २००१ च्या सुमारास तो न्यू जपानमध्ये 'जायंट सिंग' या नावाने होता, जायंट सिल्वा नावाच्या तितक्याच उंच माणसाच्या जोडीला.

आयडब्ल्यूजीपी हा काय प्रकार?

इंटरनॅशनल रेसलिंग ग्राँ प्री. सुरुवातीला ती स्पर्धा होती. १९८३ च्या अंतिम सामन्यात हल्क होगनच्या तडाख्याने इनोकी रिंगच्या कडेवरून खाली पडला आणि जीभ बाहेर काढून निपचित झाला. ते दृश्य जपानी लोक विसरलेले नाहीत. कायमचा पट्टा सुरू झाला १९८७ मध्ये, पहिला मानकरी इनोकीच. २०२१ मध्ये हा हेवीवेट पट्टा आणि इंटरकॉन्टिनेंटल पट्टा एकत्र करून 'वर्ल्ड हेवीवेट' केला, पहिला विजेता कोता इबुशी. जुना पट्टा मोडीत काढल्याचा राग अनेकांना अजून आहे. मलाही आहे. इतकी वर्षं घासून मिळवलेलं वजन नव्या धातूला आपोआप येत नाही.

बाकीचे पट्टे?

खूप आहेत, जरा जास्तच आहेत. त्यातला ज्युनियर हेवीवेट नक्की बघा. मर्यादा १०० किलोची, त्यामुळे वेग वेगळाच. जुशिन थंडर लायगर याच गटाचा राजा. तो १९८९ मध्ये न्यू जपानच्या पहिल्याच डोम कार्यक्रमात त्या लाल-पांढऱ्या मुखवट्यात पहिल्यांदा दिसला आणि जानेवारी २०२० मध्ये डोममध्येच निवृत्त झाला. टीव्ही पट्ट्याच्या लढतीला १५ मिनिटांचीच मुदत असते, नवख्याला ती सोयीची.

स्त्रियांच्या लढती असतात का?

बरीच वर्षं नावापुरत्या होत्या. 'स्टारडम' ही महिलांची कंपनी आता न्यू जपानच्याच उद्योगसमूहात आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आयडब्ल्यूजीपीचा महिला पट्टा सुरू झाला, पहिली विजेती कायरी. पुढच्याच ४ जानेवारीला अमेरिकी रेसलर मर्सेडिस मोने डोममध्ये अवतरली. तरीही डोममध्ये त्यांना मिळणारा वेळ त्यांच्या दर्जाच्या मानाने कमीच, असं माझं मत.

मुख्य लढतीत कोण हे कसं ठरतं?

उन्हाळ्यात जी वन क्लायमॅक्स नावाची साखळी स्पर्धा होते, १९९१ पासून. प्रत्येक जण गटातल्या प्रत्येकाशी लढतो, गुण मोजले जातात, टोकियोच्या उन्हाळ्यात सगळ्यांची अक्षरशः चाळण होते. २०१२ पासून बरीच वर्षं पद्धत अशी होती की जिंकणाऱ्याला डोमच्या मुख्य लढतीचा करार मिळायचा आणि तो करार एका ब्रीफकेसमध्ये घालून विजेता गावोगाव मिरवायचा. मधल्या काळात ती ब्रीफकेस वाचवण्यासाठीही लढावं लागे. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पेरलेलं जानेवारीत उगवतं. अलीकडे विजेते जानेवारीपर्यंत न थांबता आधीच आव्हान देऊ लागले आहेत, आणि त्यात काहीतरी निसटतं.

एकदाच ही रीत उघडपणे मोडली. त्यातूनच पुढचा प्रश्न येतो.

सगळे नाइतोबद्दल का बोलतात?

तेत्सुया नाइतोने २०१३ ची जी वन जिंकली. नियमाप्रमाणे ४ जानेवारी २०१४ ची शेवटची लढत त्याची, काझुचिका ओकादाविरुद्ध, सर्वोच्च पट्ट्यासाठी. पण नाइतो तेव्हा लोकांना आवडत नव्हता. गोड चेहऱ्याचा, सगळ्यांना खूश करू पाहणारा, कंपनीने पुढे ढकललेला मुलगा, असं त्याचं झालं होतं. लोक हुर्यो उडवायचे. कंपनीने शेवटची लढत कुठली असावी यावर चाहत्यांचं मतदान घेतलं. लोकांनी हिरोशी तानाहाशी आणि शिन्सुके नाकामुरा यांची, दुय्यम (इंटरकॉन्टिनेंटल) पट्ट्याची लढत निवडली. नाइतो शेवटून दुसरा लढला आणि हरला.

पुढचं वर्षभर तो भरकटल्यासारखाच होता. २०१५ मध्ये मेक्सिकोला गेला, तिथल्या 'लॉस इंगोबर्नाब्लेस' या बेफिकीर टोळीत सामील झाला आणि परत आला तो निराळाच माणूस होऊन. रिंगणात यायला मुद्दाम उशीर. सूट घालून यायचा आणि कपडे उतरवायलाच पाच मिनिटं लावायचा. तुम्हाला मी नको होतो ना, मग मलाही तुमची पर्वा नाही, असा एकूण आविर्भाव. आणि लोक वेडे झाले! ज्या दुय्यम पट्ट्याने त्याची जागा हिसकावली होती तो जिंकून त्याने हवेत भिरकावला, आपटला, पार मोडून टाकला. हा राग कुठून येतो हे सांगायची गरजच नव्हती, स्टेडियममधल्या प्रत्येकाला २०१४ आठवत होतं.

२०१८ मध्ये तो अखेर डोमच्या शेवटच्या लढतीत पोचला, पुन्हा ओकादासमोर. सगळ्यांना वाटलं, आज. हरला. ५ जानेवारी २०२० ला त्याने ओकादाला हरवून सर्वोच्च आणि दुय्यम, दोन्ही पट्टे एकत्र मिळवले. आता रिंगणाच्या मध्ये उभं राहून आपल्या टोळीतल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि शेवटी टोळीचं नाव सगळ्या डोमसह ओरडायचं, एवढंच त्याला हवं होतं. तो तोंड उघडणार तोच केंटा नावाच्या रेसलरने येऊन त्याला आडवं केलं आणि त्याच्या अंगावर बसला. नावं राहिली ती राहिलीच. मग करोना आला, लोकांना ओरडायलाच बंदी. गुडघे आणि डोळा, दोन्ही त्याला छळत होते. २०२३ ची जी वन जिंकून ४ जानेवारी २०२४ ला त्याने आपल्याच जुन्या टोळीकर सानादाला हरवलं. या वेळीही मध्येच विघ्न आलं, पण ते परतवलं गेलं. मग २७ हजार माणसांबरोबर त्याने ती नावं एकदाची घेतली.

दहा वर्षं. दुसऱ्या कुठल्या कंपनीने हा हिशेब इतका लांब उघडा ठेवला असता, असं मला वाटत नाही. (२०२५ मध्ये नाइतोने कंपनी सोडली, तो विषय वेगळा.)

लढती एवढ्या लांब का?

पट्ट्याच्या लढतीला साधारण ६० मिनिटांची मुदत असते. रिंगबाहेर गेलात तर अमेरिकेसारखं दहापर्यंत नाही, वीसपर्यंत मोजतात. त्यामुळे बाहेरचं भांडणही सावकाश चालतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं एकच अवयव धरून पिळणं चालू असतं, आणि नवख्याला तेव्हाच झोप येते. पण तो गुडघा विसरू नका. तिसाव्या मिनिटाला उडी मारून उतरताना तोच लचकणार असतो. ४ जानेवारी २०१७ ची ओकादा आणि केनी ओमेगा यांची लढत ४६ मिनिटं ४५ सेकंद चालली. अमेरिकी पत्रकार डेव्ह मेल्ट्झरने पाचपैकी सहा तारे दिले आणि जगभरचे लोक न्यू जपान शोधू लागले. त्या रात्री डोममध्ये २६ हजारांवर लोक होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत गाजलेला ख्रिस जेरिको आला आणि आकडा ३५ हजारांच्या जवळ गेला.

प्रेक्षक एवढे शांत का बसतात?

शांत नसतात, लक्ष देऊन बघत असतात. चांगल्या पकडीला टाळ्या पडतात, आवडत्याचं नाव एका सुरात घेतलं जातं, आणि दोनच्या मोजणीवर सुटका झाली की जो आवाज होतो तो अंगावर येतो. २०२० ते २०२२ मधले कार्यक्रम लावलेत तर मात्र फक्त टाळ्याच ऐकू येतील, ओरडायची परवानगी नव्हती.

काळ्या चड्डीतली ती पोरं कोण?

'यंग लायन'. सेतागाया भागातल्या नोगे इथल्या डोजोत राहणारे शिकाऊ. काळी चड्डी, काळे बूट, अंगावर एकही नक्षी नाही. हजारांच्या घरात बैठका, स्वयंपाक, झाडलोट, ज्येष्ठांची सेवा. आपल्या तालमीतल्या पोरांची दिनचर्या माहीत असलेल्याला यात काहीच नवल वाटणार नाही. रिंगणातही त्यांना मोजकेच डाव वापरू देतात. पुढे परदेशी पाठवतात आणि तिथून ते नवं रूप घेऊन परततात. शोता उमिनो असाच वर आला. २०२५ च्या ४ जानेवारीला तो झॅक सेबर ज्युनियरसमोर मुख्य लढतीत होता. त्याचे वडील 'रेड शूज' उन्नो हे कंपनीचे सगळ्यात प्रसिद्ध पंच.

तानाहाशी एवढा लाडका का?

कारण पडत्या काळात तो टिकून राहिला. २००० च्या दशकात स्टेडियम रिकामी, लांब केस आणि एअर गिटार बघून जुने चाहते त्याला शिव्या घालत. तो गावोगाव फिरून, रेडिओवर बोलून, हात मिळवून लोकांना परत आणत राहिला. जुना आयडब्ल्यूजीपी पट्टा त्याने आठ वेळा जिंकला, इतका दुसऱ्या कोणी नाही. २०१२ मध्ये बुशीरोड या उद्योगसमूहाने कंपनी विकत घेतली तेव्हा विकण्यासारखं जे उरलं होतं, त्यात त्याचा वाटा मोठा.

त्याचं आणि ओकादाचं डोममधलं नातं वेगळं बघावं. २०१३ ला तानाहाशी जिंकला. २०१५ ला पुन्हा तोच, आणि ओकादा हमसून हमसून रडत बाहेर गेला. २०१६ ला ओकादा जिंकला आणि पिढी बदलली. तानाहाशी २०२३ च्या डिसेंबरपासून कंपनीचा अध्यक्ष झाला, ४ जानेवारी २०२६ ला निवृत्त झाला. शेवटच्या लढतीत समोर कोण? ओकादाच, जो तोवर अमेरिकेतल्या एईडब्ल्यू या रेसलिंग कंपनीत गेला होता.

भारतातून कसं बघायचं?

'न्यू जपान प्रो-रेसलिंग वर्ल्ड' या त्यांच्याच ऑनलाइन सेवेवर. इंग्रजी समालोचन मिळतं. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे: टोकियोत संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड. कार्यक्रम पाच-सहा तास चालतो, जेवून बसा. आखाती देशांत तेव्हा दुपार होत आलेली असते, युरोपातल्या आपल्या मंडळींना सकाळी उठावं लागेल, अमेरिकेतल्यांना रात्र जागवावी लागेल.

टोकियोला जाऊन बघायचं असेल तर?

जेआरच्या सुइदोबाशी स्टेशनवर उतरा, डोम समोरच. एरवी हे योमिउरी जायंट्सचं बेसबॉलचं मैदान. शेजारीच कोराकुएन हॉल आहे, साधारण दोन हजार माणसं मावणारा. खऱ्या रसिकांचं देऊळ ते. जमलं तर तिथलाही एखादा कार्यक्रम गाठा, रिंग हाताच्या अंतरावर असते. डोममध्ये स्वस्त तिकीट घेतलंत तर रिंग काडेपेटीएवढी दिसेल आणि सगळा वेळ मोठ्या पडद्याकडेच बघाल. टी-शर्ट आणि टॉवेलच्या रांगा लांबलचक असतात, दुपारीच जा. आणि बाहेर पडताना टोपी धरून ठेवा. डोमचं छत हवेच्या दाबावर तोललेलं आहे, त्यामुळे दार उघडताच मागून वारा ढकलतो.

पहिल्यांदा बघतोय, कुठून सुरू करू?

अख्खा कार्यक्रम लावू नका, कंटाळाल. २०१५ ची नाकामुरा विरुद्ध कोता इबुशी लढत बघा, तिला पूर्वकथेची गरज नाही. ती आवडली तर २०१६ ची तानाहाशी-ओकादा. मग वर सांगितलेल्या क्रमाने नाइतो: २०१४, २०१८, २०२०, २०२४. मधली एकही गाळू नका, आणि २०१४ बघताना कंटाळा आला तरी पुढे ढकलू नका.